मागावरून चुलीकडे : नागपूरच्या सावजी भोजनालयांचा अभ्यास

बी. ए. द्वितीय वर्ष

शहराचा इतिहास किल्ल्यांत, वाड्यांत आणि पुतळ्यांत शोधण्याची आपल्याला सवय आहे. नागपूरचा अभ्यास करू लागलेला विद्यार्थी म्हणूनच प्रथम सीताबर्डीच्या किल्ल्याकडे किंवा महालातील भोसल्यांच्या खुणांकडे वळतो. परंतु प्रत्येक शहराला आणखी एक इतिहास असतो. तो दगडात कोरलेला नसतो. तो ताटात वाढलेला असतो. राजे काय जेवीत हे कुठल्या तरी कागदात सापडेल, पण कामगार काय जेवीत हे कळण्यासाठी त्यांच्या पंगतीलाच जाऊन बसावे लागते. नागपूरपुरते बोलायचे तर ही पंगत म्हणजे सावजी भोजनालय.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. ही भोजनालये कोणी आणि का काढली? त्यांच्या चवीत असे काय आहे की दूरदूरचे लोक घाम पुसत तेथे जेवतात? आणि यापुढे त्यांचे काय होणार? या विषयाकडे मी अगदी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. माझे आजोबा हातमागावर लुगडी विणीत. माग बंद पडल्यावर आजीने घराच्या पुढच्या खोलीत खाणावळ घातली. आज ती आई चालवते आणि माझी फी त्याच चुलीवरून येते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा हा अभ्यास काही अंशी पुस्तकांतून, काही अंशी गोळीबार चौक, पाचपावली, इतवारी या भागांतील भोजनालयांत हिंडून आणि उरलेला आजीच्या पाट्याजवळ बसून केलेला आहे.

नाव आणि लोक

बाहेरगावच्या माणसाला 'सावजी' हे एखाद्या पदार्थाचे नाव वाटते. कोणाला ते मसाल्याचे वाटते, तर कोणाला हॉटेलमालकाचे आडनाव. वस्तुतः ते संबोधन आहे. 'चोर तो चोर आणि साव तो साव' असे आपण म्हणतो, त्यातला 'साव' म्हणजे सचोटीचा, पत असलेला मनुष्य. त्याला 'जी' लावला की झाला सावजी. हलबा कोष्टी समाजात पुरुषाला आदराने हाक मारताना हा शब्द वापरतात. गिऱ्हाईक दारात उभे राहून "सावजी, आज काय आहे?" असे विचारी. ती हाक पुढे पाटीवर गेली, पाटीवरून रश्श्याला चिकटली आणि आता तर मसाल्याच्या पुडीवरही छापली जाते. माणसाला मारलेली हाक पदार्थाचे नाव व्हावी, याची उदाहरणे आपल्या भाषेत फार नसावीत.

कोष्टी हे विणकर. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोष्ट्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. भोसल्यांच्या राजवटीत नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा ही गावे कापडासाठी नावाजलेली होती. रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी येथून बाहेर जात. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेली करवतकाठी टसर साडी ही याच पट्ट्याची ओळख. जमिनीत खड्डा खणून त्यात पाय सोडून बसायचे आणि धोटा फेकायचा, असे हे काम. पुरुष मागावर बसला, तरी कांड्या भरणे, सूत उकलणे, पाजणीला हात लावणे ही कामे घरातल्या बायकांची आणि मुलांची. म्हणजे माग एकाचा दिसे, पण श्रम साऱ्या घराचे असत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. खाणावळीचा विचार करताना ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

माग थांबला

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि दरबाराचा मोठा गिऱ्हाईक गेला. १८६७ साली मुंबईहून रेल्वे नागपुरास पोचली. तिने कापूस बाहेर नेला आणि गिरणीचे कापड आत आणले. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची कापड गिरणी जुम्मा तलावाजवळच्या जागेत सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव 'एम्प्रेस मिल'. नंतर मॉडेल मिलही आली. ज्या शहरात घरोघरी माग होते, तेथे आता भोंगा वाजू लागला.

हातमाग लगेच मेला नाही. काठाचे, नक्षीचे, रेशमाचे काम त्याच्याकडे राहिले. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रमाग आले, नऊवारी लुगडे नेसणाऱ्या बायका कमी झाल्या, सुताचे भाव चढले आणि विणकराची मजुरी मात्र जागच्या जागी राहिली. गिरण्यांनीही कायमचा आसरा दिला नाही. एम्प्रेस मिल १९८६ साली राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे.

अशा वेळी हाताशी दुसरे कोणते भांडवल होते? शेती नाही, शिक्षण नाही, दुकान घालायला पैसा नाही. होती ती घरातली एक चव. समाजात मटणाचा रस्सा सणासमारंभाला होत असे आणि तो करणाऱ्या बायका वाकबगार होत्या. तेव्हा मागाच्या खोलीत चटया पडल्या. चटयांच्या जागी पुढे बाकडी आली आणि बाकड्यांच्या जागी टेबले. आमच्या घरी मागाचा खड्डा बुजवून त्यावर फरशी घातलेली आहे. जेवणारे बसतात ते नेमके त्या जागी. आजी म्हणते, "खड्डा बुजला, पण घर त्याच्यावरच उभं हाय."

अशी घरे वस्तीत एकामागून एक झाली. कोणी ठरवून धंदा काढला नाही. एका घरी चार गिऱ्हाइके जेवून गेली, हे पाहून शेजारच्या घरी पाटी लागली. सावजी भोजनालयाचा संस्थापक अमुक असे म्हणूनच सांगता येत नाही. तो एका माणसाचा शोध नसून, मोडलेल्या एका धंद्याने घेतलेला दुसरा जन्म आहे.

ताटात काय असते

खऱ्या सावजी भोजनालयाचे रूप साधे असते. खोली अरुंद, भिंतीला तेलाचा रंग, मागे चूल, पुढे गल्ला. पदार्थांची छापील यादी फार ठिकाणी नसते. वाढणारा मुलगा ती एका श्वासात म्हणून दाखवतो. मटण, चिकन, खूर, मुंडी, वजडी, कलेजी, खिमा, अंडी. शाकाहारी मनुष्याला वाटते की येथे आपले काम नाही, पण ते खरे नव्हे. पाटवडीचा रस्सा, डाळ-कांदा, मसाल्याचे वांगे आणि काळे चणे हे पदार्थ त्याच मसाल्यात होतात. बेसनाच्या वड्या लाल रश्श्यात सोडलेली पाटवडी खाल्ल्यावर मटणाची आठवण न काढणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. सोबत पोळी, ज्वारीची भाकरी किंवा भात. आणि कांदा व लिंबाची फोड.

या यादीकडे जरा अभ्यासकाच्या नजरेने पाहावे. खूर, मुंडी, वजडी हे बकऱ्याचे कोणते भाग आहेत? जे पैसेवाल्यांनी घेतले नाहीत ते. मांसाचा चांगला तुकडा परवडत नसे, म्हणून खुरांना रात्रभर मंद आचेवर ठेवून त्यांतला चिकटपणा रश्श्यात उतरवायचा आणि तो रस्सा चार भाकऱ्यांना पुरवायचा. रश्श्याला दाटपणा यावा म्हणून काही घरी ज्वारीचे पीठ भाजून लावतात. थोड्या मांसात पुष्कळ माणसे जेवावीत, हे या पाकक्रियेचे मूळ गणित आहे. तिखटाचाही त्या गणिताशी संबंध आहे. रस्सा झणझणीत असला म्हणजे तो थोडा लागतो आणि भाकरी जास्त जाते.

वर्षाचेही एक वेळापत्रक आहे. श्रावणात गिऱ्हाईक रोडावते. मग पोळा होतो, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, काळ्यापिवळ्या मारबतीच्या मिरवणुका निघतात त्या दिवशी, महिनाभर थांबलेले सारे नागपूर एकदम रश्श्यावर तुटून पडते. त्या दिवशी आमच्या घरी रात्री दोनला उठावे लागते.

मसाला आणि तर्री

सावजी मसाल्यात ३२ जिन्नस असतात, असे लोक सांगतात. मी आमच्या घरचे मोजले. धने, जिरे, शहाजिरे, मिरे, लवंग, दालचिनी, वेलची, मसाला वेलची, तेजपान, जायपत्री, जायफळ, चक्रीफूल, दगडफूल, खसखस, सुके खोबरे, सुंठ, मिरची आणि हळद हे कोरडे १८. कांदा, लसूण, आले व सांबार हे ओले ४. (पुण्यामुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते की, आम्ही सांबार म्हणतो ती तुमची कोथिंबीर.) एकूण २२. दुसऱ्या घरी २५ निघतील, तिसऱ्या घरी २०. संख्येला फारसे महत्त्व नाही. महत्त्व क्रमाला आहे. दगडफूल किती भाजायचे, खसखस कोणत्या क्षणी उतरवायची, कांदा तांबूस करायचा की काळपट, यांवर चव ठरते. नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची रंगाला आणि तिखटाला प्रसिद्ध आहे. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ती मिळाली तर रस्सा दुरूनही ओळखू येतो.

वाटण पाट्यावर होते तेव्हा मसाला नुसता बारीक होत नाही, तो चिरडला जातो आणि त्यातले तेल सुटते. यंत्रात पाते फिरते, ते मसाला कापते. शिवाय यंत्र तापते आणि वास उडतो. आजीचे मत याहून थोडक्यात आहे : "वाटणाले घाई चालत नाही, बाई. पानी जास्त झालं का रस्सा फुटते, अन् फुटला का गिऱ्हाईक सांगत नाही, फक्त येणं बंद करते."

पूर्वी हे सारे जवसाच्या तेलात होत असे. जवस हे विदर्भातले रब्बीचे पीक आणि त्याचे तेल स्वस्त. त्याला उग्र वास असतो, म्हणून ते आधी धूर येईपर्यंत तापवावे लागते. आता बहुतेक ठिकाणी सोयाबीनचे किंवा दुसरे तेल वापरतात. जुनी माणसे पहिल्या घासालाच हा फरक ओळखतात.

रश्श्यावर जो लाल तवंग येतो त्याला आपण तर्री म्हणतो. सकाळी पोह्यांवर चण्याचा रस्सा ओतून देणाऱ्या टपरीवरही हाच शब्द चालतो. तर्री सर्वांत तिखट का लागते, याचे कारण रसायनशास्त्रात आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे येतो, ते कॅप्सेसिन तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून तिखट वरच्या तेलात गोळा होते. आणि म्हणूनच तोंड भाजल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही, उलट ते तोंडभर पसरते. दूध किंवा दही घेतल्यास आग शमते. नवख्या माणसाने पाण्याचा तांब्या उचलला की आमच्याकडचा वाढपी हळूच दह्याची वाटी पुढे करतो. त्याने रसायनशास्त्र वाचलेले नाही, पण निष्कर्ष त्याच्यापाशी आहे.

दूरदेशीची भावंडे

कामगारांच्या घासातून जन्मलेले आणि पुढे साऱ्या शहराने आपले म्हटलेले असे अन्न केवळ नागपुरात आहे असे नाही. मुंबईचा वडापाव गिरणगावच्या पाळ्यांवर वाढला. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असे मानतात. याहून लांबचे, पण फार बोलके उदाहरण अमेरिकेतील हॅम्बर्गरचे आहे.

हॅम्बर्गर म्हटले की आपल्यासमोर मॉलमधले चकचकीत दुकान येते. पण त्याचा आरंभ तसा नाही. नाव जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरावरून आलेले. पदार्थ मात्र अमेरिकेतील गाड्यांवरचा आणि टपऱ्यांवरचा, कारखान्यातून सुटलेल्या माणसाने उभ्याउभ्या खायचा. खिमा थापून तव्यावर भाजायचा आणि पावात घालून हातात द्यायचा. न्यू हेवन गावातील 'लुईज लंच' ही खाणावळ १८९५ पासून चालू आहे. तेथे अजूनही जुन्या ओतीव लोखंडी उभ्या शेगड्यांत मांस भाजतात, भाजलेल्या पावाच्या चौकोनी कापांत देतात आणि टोमॅटोचे सॉस मागितल्यास नाही म्हणतात. हा हट्ट वाचून मला आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या सावजींची आठवण झाली. रस्सा जरा फिका करा, असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते शेजारच्या मिठाईच्या दुकानाचा पत्ता सांगत.

१९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शिकागोच्या मांस कारखान्यांतील घाण तिने चव्हाट्यावर आणली. त्याच वर्षी अमेरिकेत मांसतपासणीचा कायदा झाला. खिमा म्हणजे कशाचा कोण जाणे, असा संशय लोकांच्या मनात बसला होता. तो घालवण्यासाठी वॉल्टर अँडरसन आणि बिली इंग्रॅम यांनी १९२१ साली कॅन्ससमधील विचिटा येथे 'व्हाईट कॅसल' काढले. इमारत पांढरी, ओटा पांढरा, स्वयंपाक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आणि बर्गर ५ सेंटला एक. स्वच्छतेची खात्री पटली तसे गरिबाचे अन्न सर्वांचे झाले.

ओक्लाहोमातील एल रिनो या गावची रीत तर मला थेट आमच्या घरची वाटली. तेथे मांस महाग पडे, म्हणून बारीक चिरलेला भरपूर कांदा खिम्यावर टाकून तव्यावर दाबत. मांस थोडे लागे, बर्गर मोठा दिसे, आणि तापल्या लोखंडावर कांदा व मांस दोन्ही तांबूस होऊन निराळाच सुवास येई. अन्न तांबूस होताना ही जी चव येते, तिचे रसायन फ्रेंच शास्त्रज्ञ मेलार यांनी १९१२ साली मांडले. आमचा काळपट भाजलेला कांदा आणि त्यांचा तव्यावर दाबलेला कांदा यांत समुद्रांचे अंतर असेल. त्यामागची गरज एकच. गरिबाला दोन्हीकडे कांद्यानेच हात दिला.

पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे. मॅक्डॉनल्ड बंधूंनी सॅन बर्नार्डिनो येथे १९४० साली काढलेली खाणावळ १९४८ साली कारखान्याच्या धर्तीवर बसवली. पदार्थ मोजके, प्रत्येकाचे काम ठरलेले, बर्गर १५ सेंटला. १९५५ पासून रे क्रॉक यांनी ती पद्धत देशभर नेली. १९९६ साली ती दिल्लीस व मुंबईस आली आणि भारतात येताना गोमांस व डुकराचे मांस वगळून आली. सर्वत्र एकच चव, हे तिचे ब्रीद. परंतु सर्वत्र एकच चव म्हटल्यावर 'येथली चव' असे काही उरत नाही, हेही अमेरिकेतल्याच काही लोकांच्या ध्यानात आले. जॉर्ज मोट्झ नावाचा एक बर्गरवेडा मनुष्य गावोगावच्या जुन्या खाणावळी शोधत हिंडला. त्याने २००४ साली त्यांवर माहितीपट काढला आणि २००८ साली पुस्तक लिहिले. कोणत्या गावी कांदा कसा चिरतात, कोणत्या गावी तवा किती जुना आहे, याची त्याने नोंद केली. हे वाचल्यावर मला प्रथमच वाटले की खाणावळ हाही अभ्यासाचा विषय होऊ शकतो. त्यासाठी लाजायचे कारण नाही.

पाटीवर कोणाचे नाव?

आता मूळ विषयाकडे येते. मागाच्या बाबतीत जे झाले, तेच चुलीच्या बाबतीत झाले आहे. मी ज्या ज्या पाट्या वाचल्या, त्यांवर पुरुषांची नावे होती. गल्ल्यावर पुरुष, वाढायला पुरुष, जेवणारेही बहुतेक पुरुषच. परंतु मागच्या खोलीत गेले की मसाला भाजणारी, वाटणारी, रश्श्याची चव घेऊन मीठ सांगणारी ही बहुधा कोणाची आई, कोणाची सासू, कोणाची काकू. ज्या चवीला 'सावजी' म्हणतात, ती चव बाईच्या हातची आहे आणि तिला तर सावजी हे संबोधनही लागत नाही.

दुसरी विसंगती अशी की, जी बाई हे जेवण रांधते, ती बाहेर टेबलाशी बसून ते कधी जेवली नाही. सावजी भोजनालय ही पुरुषांची जागा मानली गेली. काही ठिकाणी बाटली येते, आवाज चढतो. अलीकडे अनेक ठिकाणी कुटुंबांसाठी वेगळी खोली केलेली दिसते आणि मुली जेवायला येऊ लागल्या आहेत. या अभ्यासासाठी मी दोन मैत्रिणींना घेऊन गेले, तेव्हा एका ठिकाणी आम्हांला पार्सल घेऊन जाण्याचा सल्ला मिळाला, आणि दुसऱ्या ठिकाणी आतून एक आजीबाई हात पुसत बाहेर आल्या व शेजारी बसून आम्हांला वाढले. "पोरी आल्या पाह्यजे," एवढेच त्या म्हणाल्या.

मुंबईच्या गिरणगावातही खाणावळवाल्या बायका होत्या. घराघरांत पाचदहा कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले आणि बँकांचे कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिले. घरात होणाऱ्या स्वयंपाकाला त्यामुळे प्रथमच धंद्याची मान्यता मिळाली. नागपूरच्या चुलीजवळच्या बाईचेही काम असे नावानिशी मोजले गेले पाहिजे.

पुढे काय?

सावजी मसाला आता पुडीत मिळतो. तो वाईट असतो असे मी म्हणणार नाही. परगावी राहणाऱ्या नागपूरकराला त्याने मोठा दिलासा दिला आहे, आणि पाट्यावर दिवसाला दोन तास वाकलेल्या बाईच्या कमरेचाही विचार केला पाहिजे. पाटावरवंट्याचे गोडवे गाणाऱ्याने एकदा तरी पाच किलो वाटण वाटून पाहावे. प्रश्न यंत्राचा नाही. पुडीवर एकच प्रमाण छापलेले असते. ते सर्वांनी वापरले, तर घरोघरचे २०, २२ आणि २५ जिन्नस जाऊन एकच संख्या उरेल. मग पाट्या निराळ्या राहतील, पण रस्सा एकच होईल. अमेरिकेत जे घडायला काही दशके लागली, ते येथे त्याहून लवकर घडू शकते.

दुसरा धोका माझ्यासारख्यांच्या घरातून आहे आणि त्याविषयी बोलणे मला अधिक कठीण जाते. मी पाट्याशी बसले की आजी मला उठवते. "तू काऊन येते इथं? तुह्या हातात पुस्तक पाह्यजे," असे म्हणते. आईचेही तेच. त्यांनी खाणावळ चालवली ती मुलीला खाणावळ चालवावी लागू नये म्हणून. माझे शिक्षण या मसाल्याने केले, आणि ते शिक्षण पुरे झाले की हा मसाला करणारे घरात कोणी उरणार नाही. आमच्या वस्तीतल्या अनेक घरांत आज हीच स्थिती आहे. जो धंदा मुलांना शिकवतो, तो शिकलेल्या मुलांमुळेच संपतो. याला दोष कोणाचा म्हणावा? आजीचा नाही, कारण तिने धुरात डोळे घालवले आहेत. मला वाटते माझाही नाही. आजोबांनी तरी बाबांना मागावर बसवण्याचा आग्रह कोठे धरला होता?

परंतु मागाचे जे झाले ते चुलीचे होऊ नये, एवढे आपण करू शकतो. आजोबांची नक्षी कोणी कागदावर उतरवून ठेवली नाही. त्यांच्या हातचे एक लुगडे आजीच्या पेटीत आहे. त्याच्या काठात किती तार होते हे सांगणारे आता कोणी नाही. मसाल्याचे तसे होऊ नये म्हणून मी या वर्षी एक वही केली. आजी 'अंदाजानं' टाकते. तिचा प्रत्येक अंदाज मी तराजूत मोजून लिहिला. आरंभी ती हसली. "वजन लिहशील, वास कसा लिहशील?" असे तिने विचारले. तो प्रश्न रास्त होता. म्हणून आता मी वजनाबरोबर वेळही लिहिते. खसखस कोणत्या आवाजाला उतरवायची, दगडफुलाचा रंग कशासारखा झाला म्हणजे पुरे, तेलाचा धूर किती वर गेला की कांदा सोडायचा, हे सारे तिच्याच शब्दांत लिहिते. तिचे शब्द प्रमाण मराठीत बदलत नाही. बदलले तर त्यातले माप हरवते.

आपल्या महाविद्यालयात निरनिराळ्या वस्त्यांतून, खेड्यांतून मुलेमुली येतात. प्रत्येकाच्या घरी अशी एखादी गोष्ट असेल. कोणाकडे मांडे करण्याची रीत असेल, कोणाकडे मोहाची भाकर, कोणाकडे पाजणीचे किंवा वीटभट्टीचे ज्ञान. समाजशास्त्राच्या तासाला आपण 'असंघटित क्षेत्र' हा शब्द लिहून घेतो. त्या शब्दात आपलेच आईवडील आहेत, हे फार वेळा आपल्या लक्षात येत नाही. सुटीत घरी गेल्यावर प्रत्येकाने एक वही करावी. वर तारीख घालावी, आणि सांगणाऱ्याचे नाव पहिल्या पानावर ठळक लिहावे.

माझ्या वहीची ६४ पाने भरली आहेत. पहिल्या पानावर आजीचे नाव आहे. ते मी तिला वाचून दाखवले, तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली की खुरांच्या रश्श्याचे अजून सांगायचे राहिले आहे. ते काम सध्या चालू आहे.